दर रविवारी बंद पडणारी वॅगन

नाशिकच्या गाडीवेड्यांत मध्यंतरी एक कुजबुज फार रंगली होती. शेखर आहेरांची वॅगन दर रविवारी वणीच्या रस्त्याला बंद पडते. कुणी म्हणे, टर्बो बसलाय. कुणी म्हणे, इंजिनच भंगारातलं आहे. मिसळीच्या टेबलावर ही बातमी तर्रीसारखी वर तरंगायची आणि जो तो पाव बुडवून घ्यायचा.

आहेर मूळचे कळवणचे, गाडीवेड्यांच्या ग्रुपात सगळ्यांचे आप्पा. कंपनीतून निवृत्त झालेले. बायको छाया जाऊन दोन वर्षं झाली, मुलगी वेदिका कॅनडात. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आहेर आणि पार्किंगमध्ये ती लांबडी परदेशी वॅगन. वरून बघाल तर घरगुती, लग्नाला आठ माणसं कोंबावीत अशी. पण पाय दाबला की स्पोर्ट्स कारवाल्यांना मागची नंबर प्लेट वाचायला लावणारी.

रविवारी सकाळी ग्रुप मखमलाबादला मिसळ खायचा, मग वणीपर्यंत एक फेरी. मिसळीवर आहेरांचं आणि टायरवाल्या सोमनाथचं हटकून जुंपायचं. सोमनाथ रोटरी इंजिनचा भक्त. भक्ती अशी, की रोटरी गाडीत बूड टेकलेलं नाही, सगळं दर्शन मोबाईलवर.

"आप्पा, पिस्टन नाय, काय नाय! आत नुसता तिकोना गरगर फिरतो. आवाज ऐका, मोहोळ उठल्यागत!"

"पेट्रोल पितं ते पितं, वर ऑइल पण पितं. निम्मं आयुष्य गॅरेजात. माझी वॅगन बघ, आजवर एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही."

"ती वॅगन? ती तर मढं न्यायची गाडी वाटते!"

टेबल हसून लोळलं. आहेर उठले, मिसळ अर्धी टाकून. त्याच दिवशी ग्रुप सोडला. लोक म्हणाले, म्हातारा रोटरीवरून रुसला. छायाबाईंना हॉस्पिटलातून कळवणला शेवटचं त्याच गाडीतून नेलं होतं, हे सोमनाथला ठाऊक नव्हतं आणि आहेर सांगणार नव्हते.

पुढचे रविवार मोठे वाईट गेले. गाडी पुसायची, पुसलेली परत पुसायची. वेदिकाचा फोन, "बाबा, जेवलात का?" झालं, संपला रविवार.

एकदा ते एकटेच वणीच्या रस्त्याला निघाले. दिंडोरीच्या पुढे वायपरच्या टाकीत पाणी घालायला थांबले, बॉनेट वर केलं. मागून ग्रुपच्या गाड्या आल्या आणि एकामागून एक थांबल्या. बॉनेट वर दिसलं की थांबायचं, वैरी असला तरी, हा ग्रुपचा नियम.

सोमनाथ गॉगल वर सारत उतरला. "काय आप्पा, घोडे झोपले का?"

एक किल्ली फिरवली असती तर इंजिन गर्जलं असतं आणि सगळे हात हलवून निघून गेले असते. आहेरांनी किल्ली खिशात सारली.

"हो रे. बघ ना, काय झालंय."

मग काय विचारता! सोमनाथ बाह्या सारून कंबरेपर्यंत बॉनेटमध्ये शिरला. रोटरी असती तर असं झालंच नसतं, यावर त्याचं पूर्ण प्रवचन झालं. कुणी थर्मासातला चहा दिला, कुणी गुडघेदुखीची चौकशी केली. शेवटी आहेरांनी किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं आणि श्रेय सोमनाथनं घेतलं. जाताना तो म्हणाला, "वॅगनची ऐट उतरली ना?" आहेर हसून म्हणाले, "उतरली बाबा."

पुढच्या रविवारी बॉनेट पुन्हा वर. त्याच्या पुढच्याही. पण रोज मरे त्याला किती दिवस थांबायचं? दिवाळीनंतर निम्मे थांबायचे, निम्मे हॉर्न वाजवून जायचे. मग एका रविवारी सोमनाथनं काचच फक्त खाली घेतली, "आप्पा, विका आता हिला!" असं ओरडला आणि गेला. आहेर बराच वेळ रिकाम्या रस्त्याकडे बघत उभे होते. मग बॉनेट लावून घरी आले.

वॅगन एकदाही बंद पडली नव्हती. कुणीतरी थांबावं म्हणून ते बॉनेट उघडत होते.