ॲन्टेना काढल्यावरही येत राहिलेला आवाज

इथे कोणी ‘पंखा आपोआप थांबला, अंगावर काटा आला’ असं लिहिलं की त्याखाली ‘कपॅसिटर बदलून बघा’ असं लिहून जाणारी बाई मीच. अंगात येणं, उतारा, लिंबू-मिरची... यातलं मी काहीही मानत नव्हते आणि आजही मानत नाही. ‘बघा, शेवटी हिलाही मानावं लागलं’ असं म्हणायला कोणी टपून बसलं असेल तर त्याने इथेच थांबावं. मी काहीही मानलेलं नाही. पण दुसऱ्यांच्या अनुभवांची चिरफाड करायची आणि स्वतःचा लपवून ठेवायचा, हे मला जमत नाही. म्हणून लिहितेय.

मी सुरतला राहते, गोडादऱ्यात. आम्ही मूळचे धुळ्याकडचे. घरात माय, मोठा भाऊ, वहिनी आणि मी. भाऊ पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये फिटर होता. मिल म्हणजे कापड रंगवायचा कारखाना. मी घराच्या खालच्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्त करते आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत माझा हॅम रेडिओ, म्हणजे दूरदूरच्या हौशी लोकांशी बोलायचा बिनतारी संच आहे — परीक्षा देऊन, लायसन्स काढून. गल्लीतली अर्धी माणसं त्याच्या ॲन्टेनाच्या तारेला अजून केबलची वायर समजतात.

माझी मतं थोडी कडक आहेत, ती आधीच सांगते. ज्या यंत्राच्या आत काय चाललंय ते मला बघता येत नाही, ते यंत्र मला नको. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, कारण तो मला न विचारता स्वतःला अपडेट करत नाही. हल्ली हॅममध्येही लोक कॉम्प्युटरला कॉम्प्युटरशी बोलायला लावतात आणि स्वतः चहा पीत बसतात. स्क्रीनवर नाव उमटलं की म्हणे कॉन्टॅक्ट झाला! मला तो प्रकार चालत नाही. मला माणसाचा आवाज हवा, खरखरीतून येणारा. माझा रिसीव्हर मी स्वतः बनवलाय. त्यातला प्रत्येक पार्ट मी हाताने सोल्डर केलाय. हे आत्ता सांगायचं कारण एवढंच, की ‘सेटमध्ये काहीतरी गडबड असेल’ असं म्हणणाऱ्याने आधी विचार करावा.

तो दिवस सुट्टीचा होता. मिल बंद होती, पण मशीनच्या साफसफाईसाठी भाऊ आणि आणखी काही जण गेले होते. दुपारची वेळ, लख्ख ऊन. मी चाळीस मीटरच्या बँडवर बसले होते. दिवसा त्यावर महाराष्ट्र-गुजरातमधली माणसं छान ऐकू येतात. नाशिककडचे एक काका सोलर पॅनलमुळे रेडिओत येणाऱ्या खरखरीबद्दल तक्रार करत होते. वहिनी माझ्या दाराशीच उन्हात कुरडया उलटत होती.

आणि काकांच्या बोलण्यावर चढून एक आवाज आला.

“उजे... दार लागी गयं. उघडस नही.”

मी नॉब सोडला. माझं नाव उज्ज्वला. ‘उजी’ म्हणणारा जगात एकच माणूस आहे.

“उजे, पावडरनी खोलीमा शे मी... मना दम कोंडाई ऱ्हायना...”

बाहेर कुरडयांचं ताट आपटलं. वहिनी दारात उभी होती, चेहरा पांढराफटक.

“हाऊ तं त्यासना आवाज शे!” ती म्हणाली. “ताई, तुना भाऊ बोली ऱ्हायना. कोठून बोली ऱ्हायना?”

पुढचं मी सवयीने केलं. ट्यूनिंगचा नॉब फिरवला. माझ्या सेटवर नॉब फिरवला की बोलणाऱ्याचा आवाज बारीक होतो नाहीतर घोगरा होतो. होतोच, तो रिसीव्हर कामच तसं करतो. काकांचा आवाज किरटा होत होत गेला. भाऊचा आवाज होता तसाच राहिला. मग मी मागून ॲन्टेनाची वायर उपटली. काका गेले, खरखर गेली, सगळा बँड मेला. आणि त्या शांततेत, स्पीकरमधून, शेजारच्या खोलीतून बोलावं तसा भाऊ आणखी एकदा म्हणाला, “उजे...”

त्यानंतर काही नाही.

भाऊला फोन लावला. रिंग जात राहिली. त्याच्या सुपरवायझरला लावला, तर तो निवांत म्हणाला, “अरे बेन, बधा जमवा गया छे. एय गयो हशे.” सगळे जेवायला गेलेत, तोही गेला असेल.

“पावडरची खोली कुठे आहे तुमच्याकडे?” मी विचारलं.

“ए तो जूनी छे, बंद छे. केम?”

मी फोन ठेवला. त्या क्षणी माझ्या डोक्यात भूत नव्हतं, देव नव्हता, काही नव्हतं. आवाज कुठून आला ते नंतर बघू, एवढंच होतं. वहिनी पदर खोचून जिन्यावरून खालीसुद्धा उतरली होती. मायला आम्ही काही सांगितलं नाही.

माझ्या स्कूटरवरून निघालो. उधन्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा मागे बसलेल्या वहिनीने माझ्या खांद्यात बोटं रुतवली होती. मी स्वतःशीच भांडत होते... तू वेडी झालीस, भाऊ हॉटेलात भजी खात बसला असेल, तुला बघून हसेल. हसू दे म्हटलं. हसला तर बरंच.

मिलच्या गेटवर वॉचमन आडवा आला. “मैडम, आज मिल बंद है.”

“मेरा भाई अंदर है.”

“सब खाने गए हैं. किसने बोला आपको?”

याचं उत्तर काय देणार? आमची वहिनी कोणाशी वर मान करून बोलत नाही. तिने वॉचमनचा हात बाजूला केला आणि म्हणाली, “बोला किसीने. तू चल. दरवाजा दिखा.” आणि तो चालायला लागला!

बॉयलरच्या मागे वळलो तसा वास आला. काड्यापेट्यांचं अख्खं खोकं एकदम पेटवावं तसा, नाकात सुई गेल्यासारखा. रंगकामाला हायड्रोस नावाची पांढरी पावडर लागते. ती ओली झाली की आपोआप तापते आणि धुमसते. त्या जुन्या खोलीत तिचे उरलेले डबे होते आणि छतावरून पाणी गळत होतं. लोखंडी दार बंद होतं, फटीतून धूर येत होता. वॉचमनने लोखंडी पाइप आणला. आम्ही तिघांनी तो दाराच्या फटीत घालून जोर लावला. दार सुटलं तेव्हा त्याला टेकून पडलेला भाऊ आमच्या पायांवर कोसळला. तोंडाला रुमाल बांधलेला. हाताची नखं तुटलेली.

तो वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर आणण्यात अर्थ नव्हता. घसा आणि छाती भाजल्यासारखी झाली होती, बरेच दिवस त्याला बोलता येत नव्हतं. बोलायला लागल्यावर मी पहिल्यांदा तेच विचारलं.

“आत काही होतं का? वॉकीटॉकी? फोन?”

“फोन पिशवीमा व्हता. पिशवी बाहेर, गाडीले.” तो थांबत थांबत म्हणाला. तो एक व्हॉल्व्ह शोधायला आत गेला होता. दार मागे लागलं आणि आतलं हँडल हातात आलं.

“मग ओरडलास कुठे?”

“वरडनूच नही. पहिलाच दममा घसा बंद व्हई गया.” त्याने माझ्याकडे बघितलं. “मनमा म्हनत व्हतू. उजी व्हती तं दार खोली टाकती. तू ल्हानपनी रेडिओ, पंखा, बठ्ठं खोली टाकत व्हती ना...”

काय काय म्हणत होतास, असं मी विचारलं. त्याने सांगितलं. शब्द तेच होते. आम्ही काय ऐकलं ते तोवर आम्ही त्याला सांगितलेलं नव्हतं.

आता तुमचे प्रश्न. ते मीच मला विचारून झालेत. मिलमध्ये वॉकीटॉकी आहेत का? नाहीत, वॉचमनकडेही नाही. मी नंतर माझा हातात धरायचा छोटा रेडिओ घेऊन त्या खोलीत गेले, दार लावून घेतलं. आतून त्याचा आवाज बाहेर पोचत नाही, फोनची रेंजसुद्धा येत नाही. शेजारच्या कोणाचा ट्रान्समीटर? मग ॲन्टेना आणि नॉबचं काय? त्या वेळी माझा लॅपटॉप दुसऱ्या तारेवरून सगळा बँड रेकॉर्ड करत होता. त्यात नाशिकचे काका आहेत, सोलर पॅनल आहे, भाऊ नाही. सेट उघडून पुन्हा तपासला. सगळं जागच्या जागी.

हॅमच्या ग्रुपवर लिहिलं तर एका ज्येष्ठ सदस्यांनी लिहिलं, ‘ताणामुळे भास होतात.’ कसला ताण? मी सोलर पॅनलची तक्रार ऐकत होते! दुसऱ्या एकांनी फोन करून वहिनीला विचारलं, आवाज नक्की मिस्टरांचाच होता का. वहिनी म्हणाली, “तुमचा आवाज तुमच्या मिसेसला ओळखता येत नाही का?” पलीकडून फोन कट.

दुसऱ्या बाजूने माय नारळ आणि हळदकुंकू घेऊन गच्चीवर आली. रेडिओची पूजा करायची म्हणाली. मी म्हटलं, माझ्या सर्किटवर पाणी पडू देणार नाही. दोन दिवस अबोला झाला. एक मुलगा रील बनवायला आला होता, त्यालाही जिन्यावरूनच परत पाठवलं. मिलवाल्यांनी काही झालंच नाही असा पवित्रा घेतला, तेव्हा भाऊने दार बदलायची मागणी लेखी दिली, त्यांनी टाळाटाळ केली, आणि तो नोकरी सोडून बमरोलीला दुसरीकडे लागला. मला या सगळ्यांशी भांडता आलं. भास म्हणणाऱ्यांशीही आणि चमत्कार म्हणणाऱ्यांशीही. दोघांनाही उत्तराची घाई आहे आणि दोघांकडेही उत्तर नाही.

भांडता आलं नाही ते फक्त शोभाकाकूंशी.

शोभाकाकू मागच्या गल्लीत राहतात, अकोल्याकडच्या. त्यांचा मुलगा घरात वाद करून गेला तो गेलाच. फोन बंद, पत्ता नाही. एका संध्याकाळी त्या गच्चीवर आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

“उज्ज्वला, माह्या पोराचा आवाज येईन का वं त्याच्यात?”

मी म्हटलं, “काकू, तसं नसतं ते.”

“तुह्या भावाचा आला ना? तो बी जिताच होता.”

हा बँड असा चालतो, ही लहर अशी जाते, हे सगळं मला पाठ आहे. पण ‘तसं होत नाही’ असं त्यांच्या तोंडावर सांगायचं तर त्या दुपारी तसं का झालं हे मला माहीत असायला हवं. ते मला माहीत नाही. आजही नाही.

“येईल असं मी म्हणणार नाही,” मी शेवटी म्हटलं.

“नोको म्हनू,” त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मी त्यांच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं आणि रेडिओचा आवाज मोठा केला.