मोहोळकर मास्तरांचे दुसरे व्याख्यान

वेणीमाधव मोहोळकर हे नाव सोलापुरात काढले की जुनी माणसे अजून म्हणतात, ‘आइन्स्टाइन समजलेला मास्तर.’ मास्तरांना आइन्स्टाइन समजला होता हे खरे. पण गावाने ते ज्या कारणासाठी मानले ते कारण खरे नव्हे. मी त्यांचा भिंतीला भिंत लागलेला शेजारी. वाणिज्य शिकलो, मिलच्या हिशेब खात्यात सारी नोकरी गेली, आता ती संपत आली आहे. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध शाळेतल्या तरफेपुरता. तरीही हे लिहायला दुसरे कोणी उरलेले नाही.

मास्तर मूळचे मोहोळचे. वडील तिथे भिक्षुकी करीत. मास्तर पुण्यात राहून, वारावर जेवून शिकले आणि सोलापूरच्या एका शाळेत हंगामी शिक्षक म्हणून लागले. एप्रिलमध्ये नोकरी संपायची, जूनमध्ये पुन्हा मिळायची. मधल्या दिवसांत ते पुस्तके मागवून वाचत आणि वाचलेले बायकोला सांगत. तिचे नाव दुर्गा. मराठी पाचवीपर्यंत शिकलेली, बारीक अंगाची, बोलायला धीट. आमच्या दोन्ही स्वयंपाकघरांत एकच भिंत होती, त्यामुळे भाकरी थापण्याच्या आवाजाबरोबर त्यांचा संवाद आमच्याकडे आपोआप यायचा.

“थांबा, थांबा,” ती म्हणायची. “गाडी फलाटावरनं चालली आहे. फलाटाच्या दोन टोकांना दोन दिवे लागले. मधोमध उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही एकदम दिसले. आणि गाडीतल्याला?”

“त्याला पुढचा आधी दिसला.”

“कारण तो त्याच्याकडे चाललाय. एवढं मलाही कळतं.”

“पण पुढे ऐक. प्रकाशाचा वेग दोघांनाही अगदी सारखाच भरतो. गाडीत आहे म्हणून कमीजास्त होत नाही. मग पुढचा दिवा आधीच लागला असं गाडीतला म्हणाला, तर त्याला खोटं कसं पाडणार?”

“म्हणजे दोघंही खरे?”

“दोघंही.”

“मग सासूबाईंचं आणि माझं वाजतं तेव्हा दोघीही खऱ्या?”

“नाही. तिथे तू खोटी.”

मग हसणे, आणि हसता हसता तिला खोकला यायचा. तो खोकला पुढे क्षयाचा निघाला. आठवड्याला एक सुई आणि चांगले अन्न हवे, असे डॉक्टरांनी सांगितले. ती सुई सोलापुरात मिळत होती, मोहोळात नव्हती. आणि नोकरी कायम झाली नाही, तर मास्तरांना मोहोळला परत जाऊन वडिलांच्या हाताखाली पंचांग उघडावे लागणार होते.

अशा वेळी शाळेतली विज्ञानशिक्षकाची कायम जागा मोकळी झाली. हे एकोणीसशे सत्तावीस साल असावे. शाळा चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष सिद्धलिंगप्पा हे सुताचे व्यापारी होते, दिलदार माणूस, आणि चिटणीस होते कमलाकरपंत वकील. पंतांनी युक्ती काढली. पेठेतल्या वाचनालयात मास्तरांनी आइन्स्टाइनवर व्याख्यान द्यावे, मंडळातल्या लोकांनी ऐकावे, म्हणजे जागेसाठी त्यांचे नाव आपोआप पुढे येईल. जगात आइन्स्टाइनचा सापेक्षतेचा सिद्धान्त फक्त बारा माणसांना समजतो, असे वर्तमानपत्रात छापून आले होते. ते वाचनालयात येणाऱ्या प्रत्येकाला पाठ होते. त्यामुळे दिवाणखाना गच्च भरला. बायका उजव्या बाजूला जाजमावर बसल्या. त्यांत दुर्गाबाई आणि माझी बायकोही होती.

मास्तर उभे राहिले आणि सुरुवातच त्यांनी बारा माणसांपासून केली. “ती एका वर्तमानपत्रवाल्याची गोष्ट आहे,” ते म्हणाले. “कॉलेजातली शेकडो मुलं हे शिकतात. कलकत्त्याच्या दोन तरुण प्राध्यापकांनी मूळ निबंधांचं इंग्रजी भाषांतर करून छापलंसुद्धा आहे.” मग त्यांनी एकेक गैरसमज काढून बाजूला ठेवला. आइन्स्टाइनला नोबेल पारितोषिक मिळाले ते यासाठी नव्हे. प्रकाश पडल्यावर धातूतून विजेचे कण उडतात, त्या कामासाठी. सगळेच सापेक्ष आहे असेही तो म्हणत नाही. उलट, प्रकाशाचा वेग सर्वांना सारखाच, या पायावर त्याची इमारत उभी आहे. ती त्याने एकट्याने आकाशातून आणली नाही. एक डच आणि एक फ्रेंच पंडित तिच्या दारापर्यंत पोहोचले होते. आणि न्यूटन खोटा ठरलेला नाही. मिलची चाके अजून त्याच्याच हिशेबाने फिरतात. मग त्यांनी सोलापूरचे स्टेशन घेतले, फलाट घेतला, दोन दिवे घेतले. समोरच्या माणसाने मान हलवल्याशिवाय ते पुढचे वाक्य बोलत नव्हते. तासाभरात मलाही सगळे कळले, यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मी देऊ शकत नाही.

सिद्धलिंगप्पा तर खूश झाले. पायऱ्या उतरताना ते मोठ्याने म्हणाले, “मास्तर, छान सांगितलं की हो! आमाला सगळं कळ्ळं!”

मग ते शेवटच्या पायरीवर थांबले आणि कमलाकरपंतांकडे वळले. “पंत, मी चौथी शिकल्याला मानूस. मला कळ्ळं म्हंजे हे बारा मानसांचं न्हवंच की. हे काईतरी दुसरंच असंल.”

लोक हसले. पण ते बोलणे दोन दिवसांत सगळ्या पेठेत झाले. मास्तरांना स्वतःलाच ते उमगलेले नाही, म्हणून त्यांनी स्टेशनावरच्या दिव्यांची गोष्ट सांगून वेळ मारून नेली, असे लोक म्हणू लागले. पानाच्या दुकानात मी एकाला म्हणालो, “अहो, पण तुम्हाला कळलं ना?” तो म्हणाला, “तेच तर सांगतोय!”

पुढच्या आठवड्यात कमलाकरपंत मास्तरांच्या घरी आले. मलाही बोलावून घेतले.

“चूक माझी,” पंत म्हणाले. “मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. आमच्या धंद्यात अशिलाला खटला पुरता समजला की तो फी द्यायला कुरकुरतो आणि दुसरा वकील बघतो. मास्तर, तुम्ही त्यांचा खटला समजावून दिलात.”

“मग आता काय करू?”

“दुसरं व्याख्यान द्या. जरा अवघड बोला.”

“अवघड म्हणजे?”

“इंग्रजी शब्द घाला. फळ्यावर गणित मांडा. बारा माणसं, नोबेल, ते मुळीच खोडू नका. एखादा संस्कृत श्लोकही येऊ द्या.”

“पण ते खरं नाही, पंत.”

पंतांनी स्वयंपाकघराकडे पाहिले. आत दुर्गाबाई खोकत होत्या. पंत वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. “खऱ्याखोट्याचं मी विचारत नाही. नेमणुकीची बैठक पुढच्या महिन्यात आहे.”

दुसरे व्याख्यान झाले. तोच दिवाणखाना, तीच माणसे, पण मास्तर निराळे. त्यांनी फळा समीकरणांनी भरून काढला आणि श्रोत्यांकडे पाठ करून बोलले. जगातल्या बारा मेंदूंनाच हे झेपते, असे ते म्हणाले. याच शोधाबद्दल नोबेल मिळाले, न्यूटन कोसळला, सत्य म्हणून काही उरलेच नाही, असेही म्हणाले. मध्येच उपनिषदातले एक वचन आले. त्याचा कशाशी संबंध होता हे त्यांनाही सांगता आले नसते. लोक श्वास रोखून बसले होते. शेवटी टाळ्या थांबेनात. सिद्धलिंगप्पांनी स्वतः उठून हार घातला आणि डोळे पुसत म्हणाले, “आता बघा! एक अक्षर कळ्ळं न्हाई!”

आम्ही चौघे बरोबरच घरी निघालो. वाटेत माझी बायको कौतुक करीत होती. दाराशी आल्यावर दुर्गाबाई नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, आज मला काहीच कळलं नाही.”

मास्तर कुलूप काढीत होते. मागे न बघता ते म्हणाले, “तुझ्यासाठी नव्हतंच ते.”

त्यांना काय म्हणायचे होते ते मला ठाऊक आहे. पण वाक्य बाहेर पडले ते असे.

जागा मिळाली. सुई चालू राहिली, दूध सुरू झाले, दुर्गाबाईंच्या अंगावर थोडे मांसही आले. त्या हिशेबाने मास्तरांनी योग्य तेच केले, असे मी आजही म्हणेन. पण गावाने आता त्यांना बारांत बसवले होते. रस्त्याने जाताना लोक बोट दाखवीत. वर्गात कोणी शंका विचारीना. एवढ्या मोठ्या माणसाला साधे काय विचारायचे, असे मुलांना वाटे. पालक म्हणत, “जास्त खोलात शिरू नका रे, डोकं फिरतं म्हणे त्या शास्त्रानं.” बाहेरगावहून व्याख्यानाची बोलावणी येत. मास्तर जात, तेच दुसरे व्याख्यान देत आणि परत येत. भिंतीपलीकडचा संवाद मात्र थांबला. ते वाचायचे, पण सांगायचे नाहीत. दुर्गाबाईंनी विचारले तर म्हणायचे, “नंतर बघू.” मला वाटते, त्यांना तिच्यासमोर बोलायची लाज वाटत होती.

एकोणीसशे एकतीसच्या उन्हाळ्यात दुखणे उलटले. मग वैरागहून मास्तरांच्या सासूबाई रुक्मिणीबाई सेवेला आल्या. कष्टाळू, कडक बाई. लेकीला कुशीवर वळवणे, उकळलेले पाणी, थुंकीचे राख घातलेले भांडे, सारे त्या एकटीने करीत. मी दुपारी फळे घेऊन गेलो असताना दुर्गाबाईंनी मास्तरांना हाक मारली. आवाज अगदी गेला होता.

“अहो, एक राहिलंय. ग्रहणाच्या वेळी सूर्याशेजारचे तारे सरकलेले दिसले ना? मग तारा खरंच सरकतो, की नुसता दिसतो?”

मास्तर पलंगाजवळ बसले. कित्येक वर्षांनी मी त्यांचा तो जुना चेहरा पाहिला. “सांगतो. अगदी सोपं आहे. असं समज, की तारा—”

“जावईबापू!” रुक्मिणीबाई दारातून धावत आत आल्या आणि त्यांनी खरोखरच हात जोडले. “तुमच्या पाया पडते. ते बारा माणसांचं शास्त्र माझ्या लेकीच्या कानावर घालू नका. धडधाकट माणसांची डोकी फिरतात म्हणे त्यानं. तिला आता रामनाम ऐकू द्या.”

“आई, तसं काही नसतं हो.”

“बारा मेंदूंनाच झेपतं म्हणून तुम्हीच सांगितलंत ना भर सभेत? वैरागपर्यंत आलं ते आमच्या कानावर. तुम्ही काय खोटं बोललात?”

या प्रश्नाला दोनच उत्तरे होती आणि दोन्ही त्यांना देता येईनात. दुर्गाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनीच मान हलवली. “राहू द्या. आई घाबरते.”

त्यानंतर आई पलंगापाशीच बसली. ती कधी उठली तर मुलीला ग्लानी असे. आठवडाही गेला नाही, दुर्गाबाई गेल्या.

दहन करून परतताना मी आणि मास्तर मागे राहिलो होतो. ऊन उतरले होते, मिलचे लोक पाळी बदलून घरी चालले होते. कोणी ओळखीचा दिसला की आदराने बाजूला होऊन वाट देई.

“तारा सरकत नाही,” मास्तर एकदम म्हणाले. “तो आपल्या जागीच असतो. त्याचा प्रकाश सूर्याजवळून येताना थोडा वाकतो. आपल्या डोळ्याला वाटतं, तो सरळच आला. म्हणून तारा दुसरीकडे दिसतो. इतकंच.”

“कळलं, मास्तर,” मी म्हणालो.

“हो,” ते म्हणाले. “सोपंच आहे.”