दिवाकरकाकांची लाल पाटी

सकाळी सहाला फोन वाजला, स्क्रीनवर ‘दिवाकरकाका’ असं नाव दिसलं आणि मी फोन उलटा करून ठेवला. खोटं कशाला सांगू… मला वाटलं, झालं सुरू ह्या माणसाचं ‘काहून’. शनिवारची सकाळ, चहासुद्धा व्हायचा होता, आणि गेली दोन वर्षं हा माणूस मला सकाळी सहाला उठवून ‘का?’ हा एकच प्रश्न वेगवेगळ्या प्रकारे विचारत होता. फोन पूर्ण वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा पलीकडे सुशीलाकाकू होत्या. “रंजना, तुहे काका गेले वं,” एवढंच म्हणाल्या. मी बेसाहून खापरखेड्याला पोहोचेपर्यंत शहराचं एक टोक सोडून दुसरं टोक गाठलं होतं, आणि त्या सगळ्या रस्त्यात मला रडू आलं नाही. राग आला. गुरुवारी आमचं भांडण झालं होतं आणि ते मिटवायच्या आत हा माणूस निघून गेला होता.

काका माझे सख्खे नव्हेत. माझे वडील आणि ते खापरखेड्याच्या वीज केंद्रात एकाच शिफ्टला होते, आणि कॉलनीत आमची दारं समोरासमोर होती. वडील लवकर गेले. काका निवृत्त झाले, कॉलनीबाहेर दोन खोल्यांचं घर बांधलं आणि वयाच्या साठीत, कुणी सांगितलेलं नसताना, संगणकाची भाषा शिकायला बसले. कारण होतं. त्यांच्या नातीला, आर्याला, सिकलसेल आहे. आमच्या भागात हा आजार घरोघर ओळखीचा, तेव्हा समजावून सांगत नाही. एकदा तिला तातडीने रक्त लागलं आणि काका टेलिफोनची डायरी घेऊन बसले. निम्मे नंबर बंद, एकजण गाव सोडून गेलेला, एकाचं वय उलटून गेलेलं. त्या दिवशी रक्त मिळालं, पण काकांनी डायरी मिटली आणि माझ्याकडे आले. “तू कॉम्प्युटरचं काम करते ना? मले रक्तदात्यांची अशी यादी पाहिजे का मुलीले रक्त लागलं तं अर्ध्या तासात माणूस भेटला पाहिजे.” मी म्हटलं, करून देते. हीच माझी चूक. ‘करून देते’ हे शब्द त्यांच्या कानात शिरलेच नाहीत. त्यांना ते स्वतः करायचं होतं, आणि मी फक्त शेजारी बसून उत्तरं द्यायची होती.

आता थोडं कामाचं सांगावंच लागेल, नाहीतर माझा वैताग कुणाला कळणार नाही. वेबसाइट आम्ही फ्लास्क नावाच्या तयार सांगाड्यावर बांधली. नावं, रक्तगट, फोन नंबर हे सगळं राहतं डेटाबेसमध्ये, आणि डेटाबेसची भाषा वेगळी. म्हणून मधे एक दुभाषा बसवतात. त्याला ओआरएम म्हणतात आणि त्याचं एक तयार प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा भाग, मिळतं. ते बसवायचं, डेटाबेसचा पत्ता द्यायचा, तक्त्यांचं वर्णन लिहायचं, आणि मग आपण आपल्या भाषेत बोलायचं. जगभर लोक हेच करतात आणि दुपारी जेवायला जातात. काका जेवायला गेले नाहीत. “हा मधातला माणूस कोण?” माणूस नाही काका, प्लगइन आहे. “मी एक सांगतो, तो तिकडं जाऊन दुसरंच सांगते, तं मले कसं समजन?” तो बरोबरच सांगतो. “काहून?” त्या एका ‘काहून’पायी मी त्यांना दुभाष्याचं प्रत्येक वाक्य डेटाबेसच्या भाषेत छापून दाखवायची सोय करून दिली. ते चष्मा लावून एकेक ओळ वाचायचे आणि मगच पुढे जाऊ द्यायचे. एक महिन्याचं काम आम्ही आठ महिने केलं.

त्यातही त्यांनी वीज केंद्राचे रिवाज घुसडले. तिथे शिफ्ट बदलताना जाणारा माणूस रजिस्टरमध्ये लिहितो, येणारा ते मोठ्याने वाचतो आणि मग दोघं सही करतात. आमच्या वेबसाइटवरही कुणी दात्याचा नंबर बदलला की दुसऱ्याने तो वाचून होकार दिल्याशिवाय बदल होत नसे. कॉलनीतल्या बायका फोन करायचं काम बघायच्या, त्या मला वैतागून विचारायच्या, “रंजनाताई, हे काढून टाका ना.” मी काढत होते, काका परत बसवत होते. वर हे सगळं ते एका जाडजूड हिरव्या रजिस्टरमध्ये हातानेही लिहायचे. मी म्हटलं, काका, मग संगणक कशाला घेतला? ते म्हणाले, “संगणक चुकला तं कोणाले विचारू?”

आणि तिसरा रिवाज लाल पाटीचा. मशीनवर काम करायला माणूस आत उतरला की बाहेरच्या स्विचवर तो आपल्या नावाची लाल पाटी अडकवतो. पाटी आहे तोवर कुणीही, साहेबानेसुद्धा, स्विचला हात लावायचा नाही. ज्याची पाटी त्यानेच काढायची. मी शाळेत असताना एकदा वडील ड्युटीवरून घरी आले, हातपाय धुऊन जेवायला बसले, आणि दारात काकांची स्कूटर. “पाटी राहिली गा तुही.” वडील अर्धी भाकर ताटात टाकून मागे बसले. मी आईला विचारलं, काकांनीच का नाही काढली? आई म्हणाली, तसं चालत नाही. माणूस बाहेर आलेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दुसऱ्याने पाटी काढायची नाही, आणि काढलीच तर दोन माणसांनी, रजिस्टरमध्ये लिहून. काकांनी घरीही हे सुरू केलं होतं. संगणकावर अर्धवट काम सोडून उठले की यूपीएसच्या बटणावर चपलेच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची, लाल रंगवलेली पाटी सुतळीने अडकवायचे: ‘दिवाकर काम करून राहिला आहे.’ काकू बटण न दाबता झाडू मारायच्या.

आता भांडणाचं. यंदा आम्ही जुना डेटाबेस सोडून नवीन घेतला. काही दिवस दोन्ही चालू होते, म्हणजे दुभाष्याकडे दोन पत्ते होते. सगळी नावं मी नव्यात हलवली, आणि रविवारी जुना पुसून टाकायचा असं ठरवलं. त्यासाठी एक छोटा प्रोग्रामही लिहून वेबसाइटच्याच फायलींत ठेवला. दरम्यान बुद्धविहाराच्या हॉलमध्ये रक्तदात्यांचं शिबिर झालं, पुष्कळ नवे दाते मिळाले, त्यांच्या नोंदींसाठी मी एक वेगळा तक्ता केला. गुरुवारी सकाळी सहाला फोन. “रंजना, शिबिरातले लोक दिसून नाही राहिले.” मी म्हटलं, फॉर्म भरल्यावर ‘नोंद झाली’ असं आलं होतं ना? “आलं होतं.” मग दिसतील, काका. “काहून दिसन? आता नाही तं मंग कधी?” माझी दुसरी कामं पडलेली, डोकं आधीच तापलेलं. मी ओरडले. म्हटलं, “काका, ते प्लगइन पाहून घेते सगळं. तुम्ही कृपा करून हात लावू नका, आणि सकाळी सहाला फोन करू नका.” ते म्हणाले, “पाहून घेते म्हणजे कोण घेते वं? त्याची सही कुठी आहे?” मी फोन ठेवला. शुक्रवारी त्यांचा फोन दोनदा येऊन गेला. उचलला नाही. शनिवारचं वर सांगितलंच.

त्या रविवारी अर्थातच काही पुसलं गेलं नाही. काकांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि मग राहिलेलं काम उरकावं म्हणून एका रविवारी दुपारी मी घरी बसले. त्याच सकाळी काकूंचा फोन येऊन गेला होता. आर्याला पुढच्या आठवड्यात रक्त द्यायचं होतं, बायकांनी यादीवरचे नंबर फिरवले, तिच्या रक्तगटाचं कुणीच मोकळं मिळत नव्हतं. बघते म्हटलं, आणि आधी तो पुसण्याचा प्रोग्राम चालवला. तो चालला नाही. स्क्रीनवर एक ओळ आली: ‘दिवाकर आत काम करून राहिला आहे. लाइन चालू करू नये.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस जाऊन महिना होत आला आणि अजून मला अडवतोच आहे! माझ्याच प्रोग्राममध्ये घुसून त्यांनी चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. त्या खोडायला दहा सेकंद पुरे होते. मी त्या निवडल्या, बोट बटणावर ठेवलं… आणि मला ताटातली अर्धी भाकर आठवली. लॅपटॉप उचलला आणि खापरखेड्याला गेले. स्वतःवर चरफडत गेले, हे लिहूनच ठेवते.

स्क्रीनवरची ओळ दाखवली तशी काकूंनी हिरवं रजिस्टर पुढे केलं. शेवटची नोंद शुक्रवारची होती. ‘शिबिराची यादी जुन्यात जाऊन राहिली. रंजनाने त्या तक्त्यावर नव्याचं नाव नाही लिहिलं. नाव नसलं का मधातला माणूस पहिल्या पत्त्यावर जाते, आणि पहिला पत्ता जुनाच आहे. रविवारी ती जुनं पुसणार. सांगणे. फोन उचलून नाही राहिली, चिडून आहे. पाटी लावली. पाटी पाहून स्वतःच फोन करेल.’

मी ते दोनदा वाचलं. जुना डेटाबेस उघडला. शिबिरातले सगळे दाते तिथे बसून होते. चूक माझी होती. त्या एका तक्त्याच्या माथ्यावर एक शब्द लिहायचा मी विसरले होते, दुभाष्याने तक्रार न करता जुनं दार ठोठावलं होतं, आणि मी पंचवीस वर्षं हे काम करणारी बाई एका निवृत्त माणसावर ओरडले होते. पाटी नसती तर ती सगळी नावं मी स्वतःच्या हाताने पुसली असती. मी काकूंसमोर रडले. मला माफी मागायची होती, आणि मागायला माणूस नव्हता. “तुहे काका म्हणत होते,” काकू म्हणाल्या, “रंजना चिडते, पण पोरगी कामाची आहे.” त्याने तर आणखीच रडू आलं.

तिथेच बसून सगळी नावं नव्या यादीत आणली. काकू रजिस्टरमधून एकेक वाचत होत्या, मी स्क्रीनवर जुळवत होते. आर्याच्या रक्तगटाच्या तिघी त्यात होत्या. दुसऱ्याच फोनला त्यातली एक हो म्हणाली.

मग राहिली प्रोग्राममधली पाटी. म्हटलं, काकू, आता काम झालं, नियमाप्रमाणे दोघींनी काढू या. काकांनी रजिस्टरच्या मागच्या पानांवर त्यासाठी रकाने आखले होते: काम कोणतं, पाटी कुणाची, काम झालं का, माणूस बाहेर आला का, सही. मी काकूंना पेन दिलं. त्यांनी सावकाश लिहिलं. चौथ्या रकान्यापाशी थांबल्या. यूपीएसकडे पाहिलं, तिथे सुतळीला ती पुठ्ठ्याची पाटी अजून लटकत होती. ही खोली गेला महिनाभर त्या बटणाला हात न लावताच झाडत होत्या. मग त्यांनी तो रकाना भरला, सही केली आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. “वाच आता,” म्हणाल्या. लिहिलेलं दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं, हा काकांचाच नियम. मी वाचलं. काम: शिबिराची यादी नव्यात आणणे. पाटी: दिवाकर. काम झालं का: हो. माणूस बाहेर आला का…

“नाही,” मी वाचलं, आणि खाली सही केली. नियमाप्रमाणे पाटी तशीच आहे.