पावतीवरचा चौथा रकाना

...तर खिडकी काही बंद झाली नव्हती बरं का, ती हूल मागाहून कुणीतरी उठवली. रकानेबुवांनी फक्त पेन खाली ठेवलं आणि समोरच्या बाईला म्हणाले, "जरा थांबा ताई, या रकान्यात काय लिहायचं तेच मला ठाऊक नाही."

सरकारी दवाखान्याच्या पैसे भरायच्या खिडकीतून अठ्ठावीस वर्षांत असं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "झाली पंचाईत! आता आत डॉक्टरांना तरी ठाऊक असलं म्हणजे मिळवली."

बुवांना खरं नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटावर. कोरा रकाना दिसला की या माणसाच्या हाताला खाज सुटायची. लेकीच्या शाळेच्या अर्जावर 'छंद' असा रकाना आला. पोर तेव्हा सहा वर्षांची. बुवांनी रात्रभर विचार करून लिहिलं, 'अद्याप ठरलेला नाही.'

दवाखान्याच्या पावतीला चार रकाने: नाव, सेवा, रक्कम आणि 'कोणत्या नियमान्वये'. शेजारच्या खिडकीवर चौथ्यात एक तिरकी रेघ मारत नि मोकळे होत. बुवा मात्र नियमाचा क्रमांक घालत, तारखेसकट. त्यामुळे त्यांना कायदा न शिकताच एवढं समजलं होतं, की दर वाढवायचा तर आधी मसुदा राजपत्रात छापतात, लोकांच्या हरकतींना महिनाभर देतात, मग नियम होतो आणि मगच खिडकीवर दर लागतो. आजवर प्रत्येक वेळी तसंच झालं होतं.

त्या दिवशी सकाळी आलं ते नुसतं परिपत्रक. आजवर फुकट असलेल्या मलमपट्टीला आजपासून शुल्क. सही होती, शिक्का होता, नियमाचा पत्ता नव्हता. बुवा कागद घेऊन साहेबांकडे गेले.

"रकाने, आता तुम्ही मला कायदा शिकवणार?"

"छे हो साहेब. नंबर सांगा, लिहितो नि जातो."

"नंबर होईल मागाहून. वरून आलंय ना? मग घ्या पैसे."

"घेतो. पण रकान्यात काय घालू?"

"काय वाट्टेल ते घाला!"

एवढी मोकळीक साहेबांनी द्यायला नको होती. बुवा खिडकीवर परतले, थांबलेल्या बाईचे पैसे घेतले आणि चौथ्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'परिपत्रकावरून घेतले. नियम दिलेला नाही.' मग पुढच्याच्या पावतीवर तेच. त्याच्या पुढच्याच्याही.

ती बाई होती शिंपीण. इस्त्रीवर उजवा तळवा भाजलेला, रोज पट्टी बदलायला यायची. तिच्याकडे एका वकीलबाईंचा काळा कोट शिवायला पडला होता. हात अडला म्हणून कोट अडला, आणि कोट अडला म्हणून वकीलबाई घरी येऊन थडकल्या. शिंपिणीने हात दाखवला, उशीर का झाला ते सांगितलं आणि पुरावा म्हणून चौदा पावत्या पुढ्यात टाकल्या. वकीलबाई कोट विसरून पावत्याच वाचत बसल्या.

प्रकरण कोर्टात गेलं. सरकारी वकील म्हणाले, नियम ही नुसती औपचारिकता, ती नंतरही उरकता येते. न्यायाधीश म्हणाले, शुल्क लावायचा अधिकार सरकारला आहे, पण कायद्याने आखून दिलेल्या वाटेनेच. आधी वसुली आणि मागाहून नियम, हे चालायचं नाही. लोकांच्या हरकती ऐकायच्या राहिल्या, त्याचं काय? शुल्क रद्द झालं. घेतलेले पैसे परत करायचा हुकूम निघाला, आणि ते परत करायला खिडकीवर बसले अर्थातच बुवा. रांगेतले लोक जाता जाता त्यांना नमस्कार करू लागले, तसे ते अवघडून म्हणत, "अहो, सही करा इथं आधी."

साहेबांना वरून बोलणी बसली आणि आठवड्याभरात बुवांना नोटीस आली. सरकारी कागदावर अनधिकृत शेरे लिहून खात्याची नाचक्की केली, सबब चौकशी. निवृत्तीला राहिले होते आठ महिने. ठपका बसला तर पेन्शन अडकणार, हे घरी सांगावंही लागलं नाही. बायकोने नोटीस त्यांच्याआधीच वाचली होती.

"अहो, सगळं खातं रेघ मारतं. तुमच्याच हाताला काय रोग झालाय?"

"विचारलं होतं मी साहेबांना."

"विचारलं होतं म्हणे! आठ महिने. नुसते डोळे मिटून बसला असतात तरी निघून गेले असते." मग जरा वेळाने, भांडी आवरता आवरता, "आणि त्या शिंपिणीचा हात कसा आहे?"

"सुई धरते आता."

चौकशीला आलेले अधिकारी वयाने लहान आणि स्वभावाने बरे होते. त्यांनी दार लोटून घेतलं, खुर्ची जवळ ओढली.

"काका, मला तुमचं वाईट करायचं नाही. फाइल आजच मिटवू. इतके दिवस चुकीचा शेरा नजरचुकीने पडला, एवढं एक वाक्य तुमच्या हाताने लिहून द्या. पेन्शनला हातसुद्धा लागणार नाही. नाहीतर पुढं माझ्या हातात काही राहणार नाही, हेही सांगतो."

त्यांनी कोरा कागद सरकवला. बुवांनी चष्मा पुसला, पेनाचं टोपण काढलं, थोडा वेळ कागदाकडे पाहिलं आणि टोपण परत लावलं.

"साहेब, तुम्ही भल्यासाठी सांगताय ते कळतंय मला. पण शेरा खरा होता, आणि हे वाक्य खोटं आहे. अठ्ठावीस वर्षांत खोटं लिहायचा सराव झाला नाही. आता आठ महिन्यांसाठी कुठं शिकत बसू?"