पांडण्णांची भरती-ओहोटी

पांडण्णांची आणि माझी ओळख झाली तेव्हा ते माझ्या पायाशी बसले होते. अगदी खरोखर. खाडीवरच्या फोटोच्या सहलीत नाव घालायला मी त्यांच्या शिलाईच्या दुकानात गेले होते. हातात नवाकोरा कॅमेरा होता आणि तोंडात उजेड, सावली, चौकट असले मोठमोठे शब्द. पांडण्णांनी कॅमेऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गळ्यातली टेप काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "गुडघ्यावर धरा, मॅडम." दुसरं टोक त्यांनी टाचेशी लावलं.

"साडेसोळा," त्यांनी खडूनं पाटीवर लिहिलं. "तुम्ही सगळ्यात पहिल्यांदा बाहेर."

"कुठून बाहेर?"

"पाण्यातनं."

मी मूळची साताऱ्याची. बदली होऊन म्हैसूरला आले, जयलक्ष्मीपुरमला एक खोली घेतली आणि पहिले सहा महिने फक्त कॅलेंडरशी मराठीत बोलले. त्यामुळे म्हैसूरच्या बाजारात एक शिंपी आपल्याशी मराठी बोलतोय, एवढ्यावरच मी खूश होते. मराठी तरी कसली! "मी मोजलो", "मी सांगितलो" असं व्याकरण, मध्येच "नोडी", शेवटी "आयितु". बघा आणि झालं, एवढेच त्या दोन कानडी शब्दांचे अर्थ, पण पांडण्णा त्यांच्यावर अख्खा दिवस काढत. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. विठ्ठलाच्या देवळात दर एकादशीला भजन, आणि उरलेले दिवस लोकांच्या पॅंटा.

आता म्हैसूरपासून समुद्र सात-आठ तास लांब. शिंप्याला खाडीचं वेड लागावं कसं? तर तरुणपणी ते घाटाखाली एका लग्नघरी कपडे शिवायला गेले. काम आठ दिवसांत संपलं, पण लग्न पुढे गेलं आणि महिनाभर यांना तिथंच ठेवून घेतलं. करायला काही नाही. मग ते रोज खाडीवर जाऊन बसायचे. तिथल्या एका म्हाताऱ्या कोळिणीनं त्यांना पाण्याचं गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती. पुनवेला सव्वाअकराला भरती, त्याच्या सहा तास पुढं ओहोटी, म्हणजे सव्वापाचला. पांडण्णांना हे गणित एवढं आवडलं की त्यांनी ते म्हैसूरला आणलं. इथं त्याचा उपयोग शून्य.

उपयोग काढला तो शेजारी फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या मूर्ती नावाच्या गृहस्थांनी. मूर्तींच्या स्टुडिओत रंगवलेला पडदा होता: तळं, दोन हंस, मागे हिमालय. गिऱ्हाइकं त्यापुढे उभी राहून फोटो काढायची. एकदा पांडण्णा म्हणाले, "हे हंस बदकासारखे आहेत. चला, तुम्हाला खरं पाणी दाखवतो." मूर्ती गेले, त्यांच्याबरोबर कॅमेरावाले चार मित्र गेले, आणि सहली सुरू झाल्या. थंडीच्या दिवसांत महिन्याला एक. पहाटे बस निघायची, शेवटची माणसं गावाबाहेर हिनकलला घ्यायची आणि मग थेट घाट.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक लांब पट्टा आहे. ओहोटीला तो तीनेक तास उघडा पडतो. त्यावर पक्षी उतरतात, वाळूवर नक्षी उठते, वरून मावळतीचा उजेड. फोटोवाल्यांना वेड लागायचंच बाकी राहतं. भानगड एकच. पाणी परत येतं तेव्हा समोरून येत नाही. आधी पट्टा आणि किनारा यांच्यामधली घळ भरते. म्हणजे तुम्ही डोळ्याला कॅमेरा लावून समुद्राकडे बघत असता आणि परतीची वाट पाठीमागे बुडत असते. आमच्यातल्या अर्ध्यांना पोहता येत नव्हतं. म्हणून गुडघ्यांची मापं. ज्याचा गुडघा खाली, तो आधी बाहेर.

"फोटो काढणारा पुढं बघतोय," पांडण्णा दर वेळी बसमध्ये उभे राहून सांगत, "आणि पाणी मागनं येतंय. म्हणून मी मागं उभा राहणार. शिट्टी वाजली की बाहेर. सूर्य असू दे, नाहीतर साक्षात विठ्ठल असू दे. बाहेर!"

ते स्वतः कधी कॅमेऱ्याला हात लावत नसत. "मी फोटो काढलो तर पाणी कोण बघणार?" पॅंट वर दुमडून ते त्या घळीत उभे असायचे, तोंडात शिट्टी, शेजारी वाळूत रोवलेली काठी, तिच्यावर खडूच्या रेघा. त्यांनाही पोहता येत नव्हतं. हे मला कळलं तेव्हा मी किंचाळलेच. ते शांतपणे म्हणाले, "येत नाही म्हणून तर वेळ बघतो. येणारा कशाला बघेल, अक्का?" त्यांच्याहून मी तीस वर्षांनी लहान, पण दुसऱ्याच सहलीत मॅडमची अक्का झाले होते.

एकादशीला सहल नाही. हा नियम भक्तीपोटी आहे असं मी धरून चालले होते. पांडण्णांनी तो ओहोटीवर बसवून दाखवला. "एकादशीला ओहोटी दुपारी दोनला. डोक्यावर ऊन. तसल्या उन्हात फोटो काढणारा मूर्ख, आणि त्यासाठी भजन चुकवणारा त्याच्याहून मूर्ख. देवानं बरोबर सोय केलीय, नोडी." देवाचंही वेळापत्रक तपासून घेणारा हा माणूस मला फार आवडायचा.

आणि या माणसाचं पाणी एका एकादशीनंच चुकवलं.

काही महिन्यांत एकादशी दोन दिवस असते. पहिल्या दिवशी स्मार्त, दुसऱ्या दिवशी भागवत. विठ्ठलवाले म्हणून पांडण्णांचा उपास भागवत एकादशीचा. पाणी मात्र स्मार्त दिवसापासून मोजायचं, कारण चंद्राला संप्रदाय नसतो. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि वर्षानुवर्षं ते तसंच मोजत आले होते. त्या माघात मात्र बोटं मोजायला लागली ती उपासाच्या दिवसापासून. एकादशीनंतर चौथा दिवस पुनव. मोजणी बरोबर, सुरुवात चुकलेली. आम्ही गेलो तो दिवस पुनवेचा नव्हताच, प्रतिपदेचा होता, आणि पाणी त्यांच्या हिशेबाच्या पाऊण तास मागे होतं.

सहाला शिट्टी व्हायची होती. झाली नाही. मी मागे पाहिलं तर पांडण्णा काठीकडे बघत उभे. शिट्टी तोंडात, पण फुंकर नाही. पाणी चढायच्या ऐवजी अजून उतरतच होतं. आम्ही कशाला तक्रार करतोय! सूर्य टेकला, वाळूवरच्या नक्षीत तांबडं पाणी साचलं, पक्ष्यांचा थवा नेमका त्यावरून उडाला. मूर्तींनी तीन रिळं संपवली आणि माझ्याकडचं एक उसनं घेतलं. शिट्टी झाली ती पावणेसातला. साडेसोळा इंचवाली मी पहिल्यांदा बाहेर. पांडण्णांच्या जवळून गेले तेव्हा ते पूर्वेकडच्या माडांकडे बघत होते. पुनवेचा चंद्र एव्हाना तिथं वर यायला हवा होता. तिथं काहीच नव्हतं.

सकाळी हॉटेलात सगळे गोळीबजे नावाची तिकडची भजी खात बसले होते. "पांडण्णांनी काल जादा वेळ दिला!" म्हणून कौतुक चाललेलं. पांडण्णा उभे राहिले.

"काल पुनव नव्हती," ते म्हणाले. "मी एक दिवस चुकलो."

आधी कुणाला कळलंच नाही. कळल्यावर सगळे हसले. मूर्ती म्हणाले, "असेच दर महिन्याला चुका हो!"

"उलटीकडं चुकलो असतो तर? पाऊण तास आधी पाणी आलं असतं. मूर्ती, तुमचा गुडघा एकोणीस इंच. पाणी छातीला लागलं असतं. ह्या अक्काच्या तर डोक्यावरनं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पाणी आलं नाही म्हणून मी शहाणा होत नाही. सहली बंद."

बंद म्हणजे बंद. चार महिने मी रोज ऑफिसातून येताना दुकानात डोकावत होते आणि ते मान वर न करता काज करत होते. शेवटी मी भांडले. मला त्या गावात दुसरं काही नव्हतं, हेही बोलून टाकलं. म्हटलं, चूक कुणाची होत नाही? तुम्ही सांगितलं नसतंत तर आम्हाला कळलंही नसतं.

"तेच की," ते म्हणाले. "चुकलो ते मोठं नाही, अक्का. चुकलो म्हणून सांगायला कोण नव्हतं, ते मोठं."

मग त्यांनी मला गणित शिकवलं आणि नवा नियम केला. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, चिठ्ठीवर लिहायचं, बसनं हिनकल सोडायच्या आधी दोन्ही चिठ्ठ्या उघडायच्या. जुळल्या तर निघायचं.

पुढे कितीतरी सहली जुळल्या. एकदा जुळल्या नाहीत. हिनकलला चौदा माणसं बसमध्ये बसलेली, मूर्ती नव्या कोटात. माझा आकडा वेगळा. मी छातीठोकपणे म्हटलं, माझंच बरोबर आहे. कुणीतरी ओरडलं, पंचांग काढून बघा ना! पांडण्णा म्हणाले, "आत्ता नको. घाईत बघितलं की आपल्याला पायजे तसंच दिसतंय." आणि चौदा माणसांना खाली उतरवलं. मला मिळालेल्या कानडी शिव्या त्या दिवशी प्रथमच समजल्या, इतपत माझी भाषा सुधारली होती.

घरी येऊन पाहिलं तर कॅलेंडरचं पान उलटायचं राहून गेलं होतं. मी गेल्या महिन्याची तिथी मोजत होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन सांगितलं. मला वाटलं, आता टेपनं फोडून काढतील. त्यांनी सुईत दोरा ओवला. "चुकलात तर चुकलात. एक सहल गेली. जुळलं नाही म्हणून गप्प बसला असता, तर मग मी बघितलं असतं तुमच्याकडं." एवढंच. मूर्तींनी मात्र मला महिनाभर नमस्कार केला नाही.

काही वर्षांनी पांडण्णा अंथरुणाला खिळले. फुफ्फुसात पाणी झालं होतं. मी भेटायला गेले तर धापा टाकत म्हणाले, "बघितलात? मागनं आलं." मुलगा आणि सून खाटेशी उभे होते. सून रडायला लागली, मला हसू फुटलं, आणि माझ्याविषयी तिचं जे मत झालं ते तिथंच झालं.

दुपारची वेळ होती. पांडण्णांनी चादरीतून हात बाहेर काढला आणि अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवायला सुरुवात केली. "शुक्रवारी पुनव," ते म्हणाले. "सव्वापाचला ओहोटी. सगळ्यांना सांगा."

पुनव गुरुवारी होती. मी आदल्याच दिवशी मोजली होती. सुनेनं मला खूण केली, हो म्हणा. बरोबरच होतं तिचं. बस कुठं निघणार होती? कोण वाळूवर उतरणार होतं? हो म्हटलं असतं तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. माझ्या ओठांवर ते आलंही होतं.

"चुकलं, अण्णा," मी म्हटलं.

मुलानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या बापाला चापट मारली. पांडण्णांनी बोटं पुन्हा उघडली. अंगठा पुन्हा पहिल्या पेरावर गेला. मध्येच धाप लागली, मोजणी विसरले, पुन्हा पहिल्यापासून लागले. आम्ही तिघंही त्या अंगठ्याकडे बघत उभे होतो. तो सरकत सरकत शेवटच्या पेरावर आला आणि थांबला.

"हो की," ते म्हणाले. "गुरुवार." मग मुलाला म्हणाले, "भागवत धरलो बघ परत." आणि डोळे मिटता मिटता, "आयितु. येतील आता सगळे बाहेर."

तो गुरुवार यायच्या आधीच ते गेले. सुनेनं त्या भेटीच्या दिवशी मला कॉफी विचारली नाही. घरी येताना मी रस्त्यावर रडले, पण कॉफीचं काही वाटलं नाही. हो म्हणून ती प्यायले असते, तर आजवर घशाखाली उतरली नसती.