अक्काच्या हातावरचे डाग

माझा हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं. मोहोळच्या बाजारात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला त्याचा अभिमानही होता.

पंचमीला माहेरी आलेल्या अक्काला कासारीण बांगड्या भरत होती. पदर बाजूला सरला तशी ती थांबली. मनगटापासून दंडापर्यंत काळेनिळे डाग. मी विचारलं तर अक्का म्हणाली, "कुटंतरी आपटलं आसंल की." नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायका हेच म्हणतात. माझं टाळकंच सरकलं.

दुसऱ्या दिवशी तिला मोटारसायकलवर सोलापूरला सोडायला गेलो. दाजी नुकतेच कारखान्यातून आले होते, केसांवर टॉवेलच्या सुताची पिंज. एरवी वाकून नमस्कार करणारा मी, दारातच त्यांची कॉलर धरली.

"माज्या बहिणीवर हात टाकतोस व्हय रं?"

पहिलाच ठोसा नाकावर. हाड मोडलेलं ऐकू आलं आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. दाजींनी हात उचलला नाही. दुसरा मारला, तिसरा मारला. चौथ्याला अक्का मध्ये आली आणि माझं कोपर तिच्या भुवईवर बसलं.

रक्त थांबेचना. पदर भिजला, वर दाबलेला टॉवेल भिजला. फुटक्या नाकाने दाजी ओरडले, "रक्त पातळ करायची गोळी हाय तिला! रिक्षा बघा आधी!"

त्या गोळीचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. माहेरी उगाच काळजी नको म्हणून.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिची नाडी बराच वेळ धरली. मग ईसीजीची पट्टी मला दाखवली. ठोके कुठे चिकटून, कुठे लांब लांब. हृदय असं बेताल चाललं की आत रक्त साकळतं, गुठळी मेंदूत जाऊ शकते, म्हणून ती गोळी. अक्काने रक्ताची तपासणी चुकवली, रक्त फार पातळ झालं आणि साध्या धक्क्यानेही डाग पडू लागले. आता डोक्यात रक्तस्राव झाला असेल तर ती हाती लागणार नाही, असं ते सरळ म्हणाले.

स्कॅन चांगला निघाला. भुवईला टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "हे कुणी केलं?" आणि दाजींकडे रोखून पाहिलं.

दाजींनी फुटक्या नाकावरचा रुमाल तसाच दाबून धरला. अक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुटंतरी आपटलं आसंल की."

मी तेव्हाही तोंड उघडलं नाही.