टीचरांच्या डब्यातले पेढे

सहा महिन्यांपूर्वी एका सकाळी शेजारच्या रेखाचा फोन आला. "काकू, अव्वा गेली..." एवढंच बोलली आणि रडायला लागली. रेखाची आई, आमच्या टीचर गेल्या? आदल्याच संध्याकाळी तर माझ्याशी भांडल्या होत्या, आमच्या कढीपत्त्याची फांदी त्यांच्या अंगणात येते म्हणून!

विद्यानगरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. टीचर अळणावरच्या मजुराच्या घरातल्या, घराण्यात पहिल्या शिकलेल्या. मी वकिलाची बायको, तोंडाची फटकळ. त्यांची रेखा आणि माझी मंजू आमच्याच जेवणाच्या टेबलावर अभ्यास करून बारावी झाल्या. मार्क मंजूला जास्त, पण मेडिकलची सीट रेखाला मिळाली, राखीव जागेतून. गल्लीभर पेढे वाटले गेले. आमच्या दारात कुणी फिरकलं नाही. मंजू उशीत तोंड खुपसून रडत होती. तिच्यासाठी जीव तुटत होता, आणि पेढे आले नाहीत याचा संताप वेगळाच! शेवटी मीच जाऊन त्यांचं दार वाजवलं. "टीचर, आमचे पेढे कुठायत?"

त्यांनी कपाटातून स्टीलचा डबा काढला. झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं, आत आमच्या वाटणीचे पेढे. "काय करू अक्का... सगळ्यांनी पेढा हातात घेतला आणि खायच्या आधी विचारलं, कोट्यातून का? तुम्ही विचारलं असतं तर मला सोसलं नसतं."

मग आम्ही कडाकडा भांडलो. मी म्हटलं, माझ्या पोरीच्या मार्कांचं काय? आणि रेखा तर शिक्षिकेची मुलगी! "शिक्षिकेलाही घर भाड्यानं देताना आधी जात विचारतात अक्का," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात आजोबांपासून पुस्तकं आहेत. आमच्या घरात माझ्यापासून." हार कुणीच मानली नाही, पण भांडता भांडता निम्मे पेढे संपले. पुढे मंजू बँकेत लागली तेव्हा तोच डबा मी भरून पाठवला. रिकामा कसा परत करायचा? तेव्हापासून तो दोन्ही घरांत फिरत राहिला आणि आमचा वादही.

गेल्या आठवड्यात रेखाच्या मुलीला मेडिकलची सीट मिळाली. "अव्वाचं वर्ष व्हायचंय काकू, गोड कसं वाटू?" रेखा म्हणाली. डबा माझ्याकडेच होता. पेढे भरले आणि गल्लीत मीच निघाले. कोपऱ्यावरच्या काकांनी पेढा उचलला. "अरे वा! कोट्यातून का?"

मी त्यांच्या हातातला पेढा काढून डब्यात ठेवला. "आधी खाणार असाल तर देते. मग काय ते विचारा."

खाल्ला त्यांनी.

डबा रिकामा होऊन घरी आलाय. भरून रेखाच्या हातात देईन हो टीचर... पण भांडू कुणाशी?